मी न पाहिलेलं लिट्रिम

न्युरेम्बर्गला आल्यावर पहिली दोन वर्षं मी जर्मन शिकायचं टाळलं. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलायचे, बेकरीत बोट दाखवलं की पाव मिळायचा आणि घरमालकीणबाईंशी माझं बोलणं कचऱ्याच्या डब्यांच्या रंगांपलीकडे कधी गेलंच नाही. मग दोन हजार तेराच्या हिवाळ्यात साहेबांनी सांगितलं की आता मला कारखान्यात, मशीनपाशी उभं राहून काम करावं लागेल, आणि तिथली माणसं जर्मनशिवाय काही बोलत नाहीत. थोडक्यात, बे-आइन्सची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची, परीक्षा द्यायची. मी फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षणाच्या शाळेत, संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मंगळवार आणि गुरुवार, साडेसहा ते नऊ.

पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. वर्गात एकच खुर्ची रिकामी होती, शेवटच्या बाकावर, एका धिप्पाड गृहस्थांच्या शेजारी. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोटांना काळी चिकटपट्टी चिकटलेली. ते इलेक्ट्रिशियन होते आणि थेट कामावरून आले होते. त्यांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी तीनदा "सॉरी?" म्हटलं. चौथ्यांदा विचारायची लाज वाटून "येस" म्हटलं. त्यावर त्यांनी माझी पेन्सिल उचलली आणि तिने पाठ खाजवली.

ते आयर्लंडचे होते. त्यांचं इंग्रजी मला कळत नव्हतं आणि माझं त्यांना. माझं इंग्रजी म्हणजे शाळेतलं केरळी इंग्रजी, त्यावर पुण्याच्या कॉलेजचा वेग. ते म्हणायचे, तू बोलतेस तेव्हा गारा पडल्यासारखं वाटतं. शेवटी आम्ही दोघांनी जर्मनचाच आसरा घेतला. दोघांचंही जर्मन सारखंच लंगडं असल्यामुळे कुणी कुणाच्या पुढे जात नसे आणि बोलणं छान चालायचं.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडून घात झाला. माझे धाकटे चुलते त्यांच्याच वयाचे, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणत होते. एका शांत क्षणी, सगळे वही उघडून बसलेले असताना, मी मोठ्यांदा म्हटलं, "काका, पेन?"

वर्गात हशा उसळला. जर्मनमध्ये लहान मुलं शी-ला काका म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लाल होऊन, आमच्या भाषेत हा आदराचा शब्द आहे, वडिलांच्या धाकट्या भावाला म्हणतात, असं तीन वेळा समजावलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, विचार केला आणि हजेरीच्या कागदावर स्वतःच्या नावापुढे कंसात ठळक अक्षरात 'काका' लिहिलं. तेव्हापासून ते सगळ्या वर्गाचे काका झाले.

आमच्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्यांना जर्मन शिकवायला लागल्या. पण त्यांच्यातला भूगोल काही निवृत्त झाला नव्हता. परीक्षेत तोंडी भाग असतो, एका विषयावर उभं राहून बोलायचं. त्याच्या सरावासाठी त्यांनी सांगितलं, "प्रत्येकाने एका प्रदेशाची माहिती सांगायची. सीमा, नद्या, पिकं, उद्योग, लोक कसे जगतात. पण स्वतःच्या नाही, शेजाऱ्याच्या."

ब्राझीलची एक नर्स आमच्या पुढे बसायची. तिने विचारलं, स्वतःच्या का नाही?

"कारण स्वतःच्या गावाबद्दल सगळेच खोटं बोलतात," बाई म्हणाल्या.

अशा रीतीने काकांच्या वाट्याला माझा, सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका आला, आणि माझ्या वाट्याला त्यांचा आयर्लंडमधला लिट्रिम जिल्हा.

गुरुवारी वर्गाच्या आधी आम्ही स्टेशनजवळच्या बेकरीत बसायचो. काकांनी ब्रेझलची, म्हणजे इथल्या वेटोळ्या खारट पावाची, कागदी पिशवी फाडून सपाट केली आणि तिच्यावर नकाशा काढला. जिल्हा डमरूसारखा दिसत होता. वर एक भाग, खाली एक भाग, आणि मधल्या आवळलेल्या जागी भलंमोठं तळं. वरच्यांना खालचे परके वाटतात आणि खालच्यांना वरचे, असं ते म्हणाले. मी डमरू म्हणजे काय ते हाताने वाजवून दाखवलं. काका खूश झाले. आजवर लोकांनी त्यांच्या जिल्ह्याला वाळूचं घड्याळ म्हटलं होतं, वाद्य कुणी म्हटलं नव्हतं.

"समुद्र आहे?" मी विचारलं.

"आहे की." त्यांनी वरच्या टोकाला पेन्सिलीचं एक बारीक टिंब दिलं. "शेजारच्या जिल्ह्यांना शेकडो मैल किनारा आहे. आम्हाला एवढा. वाटप झालं तेव्हा आमची माणसं बहुतेक गाई शोधायला गेली होती."

मग टेकड्या. डोंगर नव्हे, पाटावर वाट्या उपड्या घालाव्यात तशा टेकड्या, आणि दोन वाट्यांच्या मध्ये पाणी. जमीन चिकणमातीची, पाणी मुरू न देणारी, तिच्यावर लव्हाळा माजतो. "दुसऱ्या जिल्ह्यांत जमीन एकरावर विकतात," काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमच्याकडे लिटरवर."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, काय भाव? काका माझ्याकडे बघत राहिले. मग हसू आवरेना म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला. हा त्यांच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद होता आणि भाव विचारणारी मी पहिलीच.

माझी खरी पंचाईत त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर झाली. आमच्या आटपाडी-विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून द्यायचं. भारतातल्या कुठल्याही शहरात सोनारगल्लीत शिरा, आत भट्टीपाशी आमच्याकडचा कुणीतरी बसलेला असतो. माझ्या बाबांचं दुकान कोचीला होतं. मी तिथेच वाढले. महाराष्ट्रात पोरांना तिसरीत आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. माझी तिसरी कोचीत झाली, त्यामुळे माझा जिल्हाच शिकायचा राहून गेला. आटपाडी म्हणजे मे महिन्याची सुट्टी, घामोळं आणि चुलत भावंडं. पिकं कुठली? ज्वारी, मला वाटतं. आणि डाळिंब. मेंढ्या पुष्कळ. नदी? माणगंगा. तिच्यात पाणी कधी पाहिलं? नाही पाहिलं.

"कुणाला तरी विचार," काका म्हणाले.

बाबा तोपर्यंत दुकान चुलत्यांवर सोपवून गावाला येऊन राहिले होते. मी फोन केला आणि काम सांगितलं. त्यांना आटपाडीपेक्षा लिट्रिममध्येच जास्त रस.

"पिकतंय काय तितं?"

"गवत."

"आन् दुसरं?"

"दुसरंही गवतच, बाबा. गवतावर गाई. गाईंची वासरं मोठी करून बाजारात विकतात. उरलेल्या जमिनीत सरळसोट झाडं लावतात, लाकडासाठी."

"मग पाऊस पडत नसंल."

"रोज पडतो."

बाबांचा आवाज एकदम चढला. "रोज पाऊस पडतोय आन् नुस्तं गवत? त्या मानसाला माज्याशी बोलाया लाव."

पुढच्या रविवारी दुपारी मी काकांच्या खोलीवर लॅपटॉप घेऊन गेले. गावाकडे चुलतभावाने बाबांना स्काइपसमोर बसवलं होतं. बाबांनी टोपी घातली होती आणि ते कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले होते की पडद्यावर फक्त कपाळ दिसत होतं. मी दोघांची ओळख करून दिली. मला वाटलं होतं, दुभाषेपण करावं लागणार. पण बाबांचं इंग्रजी दुकानातलं, एकेक शब्द तराजूत टाकल्यासारखं, आणि काकाही त्यांच्याशी तसंच सावकाश बोलायला लागले. पाच मिनिटांत मला कळलं की माझी इथे काही गरज नाही. ऑफिसचं कामही होतं. मी लॅपटॉप तिथेच ठेवून निघाले.

संध्याकाळी लॅपटॉप घ्यायला गेले तर काकांनी सांगितलं, दीड तास बोलणं झालं. काय बोललात? "आल्झो, तर मग," काका म्हणाले, "तुझे वडील आम्हाला डाळिंब लावायला सांगतायत."

त्यानंतरच्या गुरुवारी मी उद्योगधंदे हा मुद्दा काढला. नदीवर मोठ्या घरबोटी भाड्याने देतात, त्या घ्यायला बहुतेक जर्मनच येतात, एवढं सांगून काका थांबले. मग म्हणाले की मधली काही वर्षं त्यांच्या जिल्ह्यात एकच धंदा होता, घरं बांधायचा. गावागावाच्या कडेला एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्याच गावाबाहेरच्या एका रांगेतली सगळी वायरिंग त्यांनी केली. मग अचानक सगळं थांबलं. बांधणारा पळाला, घरं तशीच राहिली, काचा लागलेल्या, दारं लागलेली, आत कुणी नाही. काकांना काम उरलं नाही आणि ते इकडे आले.

"मी बसवलेली बटणं," ते म्हणाले, "कुणी एकदाही दाबली नाहीत."

मी पेन खाली ठेवलं. काकांनी माझ्यापुढची बशी त्यांच्याकडे ओढली, माझा उरलेला केक संपवला आणि म्हणाले, "लिही. उद्योग: बटणं."

भाषणाच्या दिवशी पहिला नंबर माझा लागला. वाचून दाखवायचं नाही असा बाईंचा नियम होता, फक्त छोट्या चिठ्ठ्या हातात चालतील. माझ्या चिठ्ठ्या देवनागरीत होत्या, कारण जर्मन शब्द उच्चारासकट त्याच लिपीत नीट बसतात असा माझा सिद्धांत होता.

सुरुवात बरी झाली. डमरू फळ्यावर काढला. समुद्राचं टिंब दिल्यावर टाळ्या पडल्या. लिटरचा विनोद सांगितला, तोही कळला. मग आलं इंधन. लिट्रिममध्ये दलदलीची काळी माती असते, ती विटांसारखी कापून वाळवतात आणि शेगडीत जाळतात. तिला जर्मनमध्ये टॉर्फ म्हणतात. गावाला म्हणतात डॉर्फ. आता माझं अक्षर असं आहे की माझा ट आणि माझा ड सख्खे जुळे भाऊ. मी चिठ्ठीकडे बघितलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं:

"उन्हाळ्यात लोक गाव कापतात. मग उन्हात वाळवतात. आणि हिवाळ्यात हळूहळू जाळतात."

सगळा वर्ग पुढे वाकून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, विषयात रंगलेत.

"आणि लोक?" ब्राझीलच्या नर्सने घाबरून विचारलं. "लोकांचं काय होतं?"

मला वाटलं, हे काम कोण करतं असं ती विचारतेय. "लोक मदत करतात," मी म्हटलं. "सगळं कुटुंब येतं. सँडविच घेऊन. मुलांना फार आवडतं."

बाईंनी रुमाल तोंडाला लावला होता. मी काकांकडे बघितलं. ते हात बांधून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता बसले होते.

"गेनाऊ," काका म्हणाले. "अगदी असंच करतात. माझ्या आईचं गाव यंदा जरा ओलं राहिलं."

मग मात्र बांध फुटला. बाईंना खुर्चीत बसावं लागलं. काय झालं ते मला सगळ्यात शेवटी कळलं आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण हसावं की रडावं ते ठरत नव्हतं. शेवटी हसले.

नंतर काका उठले. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, पण बघितलं एकदाही नाही. फळ्यावर आटपाडी तालुका काढला, मी काढला असता त्यापेक्षा चांगला. माणगंगा दाखवली आणि म्हणाले, ही नदी आहे, पाणी तिच्याकडे कधीकधी पाहुणं म्हणून येतं. ज्वारी, डाळिंब, मेंढ्या, आटपाडीचा शेळ्यामेंढ्यांचा बाजार. सोन्याच्या भट्ट्या, आणि भट्ट्यांमागे गेलेली माणसं. "आमच्या जिल्ह्यातून पावसाने माणसं बाहेर काढली," ते म्हणाले, "त्यांच्याकडून उन्हाने. पण तिकडे वर्षातून एकदा यात्रेला सगळे परत येतात. आमच्याकडे नाताळला येतात."

मग ते म्हणाले, "हिच्या वडिलांची चार शेतं आहेत." आणि बोटांवर मोजत त्यांनी नावं घेतली. जर्मन वाक्यात, आयरिश जिभेने, संथपणे: "चिंचेची पट्टी. खालची ताल. म्हसोबाचा माळ. सवतीचा तुकडा."

मी ही नावं आयुष्यात ऐकली नव्हती. आमच्या घरात आम्ही पोरं 'गावाकडची जमीन' म्हणायचो, संपलं. त्या जमिनीला चार नावं आहेत हे मला न्युरेम्बर्गमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात कळत होतं, तेही ज्या माणसाने भारत कधी पाहिला नाही त्याच्याकडून. सवतीचा तुकडा म्हणजे काय ते काका बाईंना समजावत होते: एका खापरपणजोबांना दोन बायका होत्या, दोघींना शेतं सारखी वाटून मधे एक तुकडा उरला, तो कुणाचा यावरून दोघी इतक्या भांडल्या की दोन पिढ्या तो कुणी नांगरलाच नाही. वर्ग हसत होता. मी नाकाला रुमाल लावून, सर्दी झाल्याचं दाखवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना फोन केला. "सवतीचा तुकडा मला का नाही कधी सांगितलात?"

"तू कवा इचारलंस?"

"आणि त्यांनी विचारलं होतं?"

"न्हाई. त्येंनी त्येंच्या वावरांची नावं सांगितली पयलं. मग मी गप बसायचं का?" थोडं थांबून बाबा म्हणाले, "त्येंचं एक वावार हाय, त्येला 'आजोबांची चूक' म्हनत्यात. लई बेस मानूस हाय."

परीक्षेत तोंडीला विषय आला, लहान मुलांना मोबाइल द्यावा का. नदीनाले, डमरू, काही काही उपयोगी पडलं नाही. तरी आम्ही दोघंही पास झालो. काकांना माझ्यापेक्षा जास्त गुण पडले, ते त्यांनी मला दोन आठवडे विसरू दिलं नाही.

मे महिन्यात त्यांची आई आली. पंच्याहत्तरी ओलांडलेली, चणीने लहान, कडक ऊन असतानाही रेनकोट घातलेली. तिने माझा हात जो धरला तो सोडेना आणि बोलायला सुरुवात केली. मला एक शब्द कळला नाही. काका आईच्या इंग्रजीचं माझ्यासाठी जर्मनमध्ये भाषांतर करायचे आणि एव्हाना त्यांना थोडंफार कळू लागलेल्या माझ्या इंग्रजीचं तिच्यासाठी इंग्रजीत. रस्त्याने जाणारे वळून बघायचे.

किल्ला दाखवला, तिने वर बघून मान हलवली. मोठं चर्च दाखवलं. बरं आहे म्हणाली. शनिवारी तिने मुलाला सरळ विचारलं, "इथे गाई नाहीत का?"

म्हणून आम्ही तिघं बस धरून शहराबाहेर वीसेक किलोमीटरवरच्या एका खेड्यात गेलो. मीसुद्धा तिथे पहिल्यांदाच जात होते. दहा-बारा घरं, मोहरीची पिवळीजर्द शेतं, चर्चचा कांद्यासारखा घुमट, हवेत शेणाचा वास. आजींनी बसमधून उतरून खोल श्वास घेतला आणि झपाझप चालायला लागल्या. कुंपणापलीकडे तांबड्या-पांढऱ्या गाई उभ्या होत्या. आजी कुंपणाला टेकल्या, एकेकीला निरखत काहीबाही पुटपुटू लागल्या.

आवाजाने शेतकरी बाहेर आला. निळा डगला, पायात रबरी बूट. तो इकडच्या खेडवळ बोलीत काहीतरी म्हणाला, जे बे-आइन्सच्या पुस्तकात नव्हतं. आजींनी एका जरा लंगडणाऱ्या गाईच्या मागच्या पायाकडे बोट दाखवून उत्तर दिलं. शेतकऱ्याने भुवया उंचावल्या, आत गेला, त्या गाईचा मागचा पाय हाताने चाचपून बघितला आणि परत येऊन फाटक उघडलं. आजी रेनकोट सावरत आत शिरल्या.

"काय चाललंय?" मी काकांना विचारलं.

"तिला काय म्हणायचंय ते मला कळतंय," काका म्हणाले. "तो काय म्हणतोय ते नाही."

"मला दोघांचंही नाही."

आमच्याकडे जर्मनची प्रमाणपत्रं होती आणि आम्हाला कुणी काही विचारत नव्हतं. ते दोघं गोठ्यात गेले, वासरं बघून बाहेर आले, पुन्हा आत गेले. तो त्याच्या बोलीत बोलायचा, त्या त्यांच्या, आणि मधेच दोघं एकदम हसायचे. दरम्यान आमची बस येऊन निघून गेली. शनिवार असल्यामुळे पुढची दोन तासांनी होती. शेतकऱ्याच्या बायकोने अंगणातलं बाक पुसलं, कॉफी आणली आणि रुबार्बचा, म्हणजे आंबट तांबड्या देठांचा, केक कापला. काका त्यांच्या आईला चौथ्यांदा हाक मारायला गेले, तेव्हा त्या हाताला लागलेलं शेण गवताला पुसत म्हणाल्या, तू बस, माझं अजून व्हायचंय.